टसरचा किडा आणि लाखेचा किडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात माणसाला पैसा मिळवून देणारे दोन कीटक आहेत. एक पानावर चरतो, दुसरा डहाळीला चिकटून बसतो. दोघांची नावे एका दमात घेतली जातात, योजनांच्या कागदावर ती शेजारी-शेजारी येतात, आणि एकाचा अनुभव दुसऱ्याला लावला की पीक हातचे जाते. खालचे प्रश्न नवीन कीटकपालक, बचतगटातल्या महिला, विद्यार्थी आणि नुसते जंगल पाहायला आलेले लोकही विचारतात.

हे नेमके कोणते कीटक?

टसर म्हणजे अँथेरिया मायलिटा, मोठ्या रानपतंगांच्या सॅटर्निडी कुळातला. आपल्याकडे कोषाला आणि त्याच्या कापडालाही ‘कोसा’ म्हणतात. लाखेचा किडा म्हणजे केरिया लॅक्का. तो ढेकूण, मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या गणातला, म्हणजे सोंडेने रस ओढणारा. नात्याने दोघे इतके दूर आहेत की टसरचा पतंग फुलपाखराचा भाऊबंद, तर लाखेचा किडा कपाशीवरच्या माव्याचा.

जंगलात ओळखायचे कसे?

टसरची मोठी अळी हिरवीगार, हाताच्या बोटाहून जाड आणि १०-१२ सेंटीमीटर लांब असते. इतकी मोठी असूनही ऐनाच्या पानांत ती सहज दिसत नाही. आधी खाली पडलेल्या जाडजूड लेंड्या दिसतात, मग वर पाहायचे. कोष कोंबडीच्या लहान अंड्यासारखा, टणक, राखाडी किंवा पिवळसर. त्याला एक देठ असतो आणि देठाच्या टोकाला डहाळीभोवती घट्ट कडे. अळी कोष विणण्याआधी हे कडे आणि देठ तयार करते, म्हणून पानगळ झाली तरी कोष झाडालाच लटकत राहतो. पतंगाच्या चारही पंखांवर काचेसारखा पारदर्शक डोळा असतो. मादी बहुधा पिवळसर, नर तांबूस आणि अंगाने लहान.

लाखेचा किडा मात्र दिसतच नाही, दिसते ती त्याची लाख. पळसाच्या किंवा बोराच्या कोवळ्या डहाळीवर तांबूस-तपकिरी खडबडीत थर, त्यावर कापसाच्या तंतूसारखे पांढरे धागे, खाली पानांवर चिकटपणा आणि काळी बुरशी, आणि सगळीकडे मुंग्या. पांढरे धागे दिसताहेत म्हणजे आतला कीटक जिवंत आहे. ते श्वासाची आणि विष्ठेची छिद्रे मोकळी ठेवतात. धागे गळाले आणि थर निस्तेज झाला तर तिथे काहीतरी बिघडले आहे.

दोघांच्या आयुष्यात सर्वांत मोठा फरक कोणता?

टसरची अळी चालते, चरते, चार वेळा कात टाकते, कोष विणते, आत कोशित (पतंग होण्याआधीची निश्चल अवस्था) होते आणि पतंग होऊन बाहेर येते. पावसाळ्यात अळीची अवस्था महिनाभरात उरकते, थंडी पडू लागली की दीड महिना किंवा त्याहून जास्त लांबते. पतंगाला खाता येत नाही, त्याचे तोंड निकामी असते. आठवडाभर जगून, मीलन आणि अंडी एवढेच काम करून तो मरतो.

लाखेची मादी आयुष्यात एकदाच चालते. पिलू अर्ध्या मिलिमीटरहून जरासे मोठे, लाल रंगाचे. ते आईच्या कवचातून बाहेर पडते, कोवळी साल शोधते आणि सोंड खुपसते. पुढे पाय झडतात, डोळे जातात, आणि उरलेले सगळे आयुष्य त्याच टिंबावर. नराला मात्र पुन्हा पाय फुटतात, काहींना पंखही. तो तीन-चार दिवस जगतो. म्हणून लाख मुख्यतः मादीची, आणि तिला वेळ लागतो: पिकाप्रमाणे चार, सहा किंवा आठ महिने.

या एका फरकातून पुढचे सगळे येते. चालणाऱ्या किड्याला राखणदार लागतो. बसलेल्या किड्याला योग्य फांदी लागते.

रेशीम आणि लाख, दोन्ही ‘किड्याची लाळ’च ना?

नाही. टसरचे रेशीम हे प्रथिन आहे, अळीच्या लाळग्रंथीत तयार होते आणि तोंडाखालच्या छिद्रातून धागा म्हणून बाहेर पडते. लाख ही राळ आहे, मादीच्या कातडीतल्या ग्रंथींतून सर्व अंगाभोवती झिरपते. रेशीम जाळले तर केस जळाल्याचा वास येतो. लाख तापवली तर मऊ होऊन ओघळते, म्हणूनच तिच्या बांगड्या होतात आणि म्हणूनच लाक्षागृहाची गोष्ट रचणाऱ्याला हा पदार्थ नेमका सुचला. लाखेत राळेबरोबर मेण आणि लाल रंगही असतो. ‘अळता’ हा शब्द संस्कृत ‘अलक्तक’वरून आला, तो रंग याच किड्याचा.

कोणत्या झाडावर कोणता कीटक?

टसरसाठी ऐन (बरेच जण येन म्हणतात) आणि अर्जुन. ही मुख्य खाद्यझाडे.

लाखेचे दोन वाण आहेत. रंगीनी वाण पळस आणि बोरावर, कुसुमी वाण मुख्यतः कुसुमावर, म्हणजे आपल्या कोशिंबावर. कुसुमीची लाख फिकट, म्हणून भाव चांगला. बोरावर कुसुमीही येते, पण कुसुमावर रंगीनी लावून बघू नका. बियाणे विकत घेताना नुसते ‘लाख’ म्हणून घेऊ नका, कोणत्या वाणाची आणि कोणत्या झाडावरची ते विचारा. पहिल्या वर्षी फसणाऱ्यांत ही चूक फार असते.

टसरची पिके कधी घ्यायची?

पहिला पाऊस पडला की साठवलेल्या बीजकोषांतून पतंग निघू लागतात. उन्हाळाभर कोशित आतच झोपलेले असतात. जून-जुलैत पहिले पीक, ते बहुतेक बियाण्यासाठी. ऑगस्ट-सप्टेंबरात दुसरे. ऑक्टोबर ते डिसेंबरात तिसरे, त्यात अळी हळू वाढते पण कोष वजनदार. पुढच्या वर्षाचे बीजही यातूनच राखतात.

२०० अंडीपुंजांतून किती कोष येतात?

एका मादीची अंडी म्हणजे एक अंडीपुंज, त्यात दीडशे ते अडीचशे अंडी. पुंजामागे ४० ते ५० कोष आले तर पीक चांगले समजा. २०० पुंजांत चाळीस हजारांच्या आसपास अंडी असतात आणि हातात येतात आठ-दहा हजार कोष. म्हणजे चारातले तीन मरतात, आणि हे चांगल्या वर्षाचे गणित आहे. हा आकडा पाहून घाबरू नका, पण ‘अंडी जास्त घेतली की कोष जास्त’ या समजातूनही बाहेर या. पाला कमी पडला की अळ्या उपाशी राहतात, कमजोर अळीला आधी रोग लागतो, आणि रोगी अळीची विष्ठा खालच्या पानांवर पडते. झाडांचा पाला मोजून अंडी घ्यावीत. एक अळी जन्मभरात पाव किलोहून जास्त पाला खाते. त्यातला बहुतेक शेवटच्या अवस्थेत.

अळ्या सर्वांत जास्त केव्हा मरतात?

पहिल्या दोन अवस्थांत. अंड्यातून निघालेली अळी सातेक मिलिमीटरची असते. जोराचा पाऊस तिला पानावरून खाली पाडतो, मुंग्या उचलून नेतात, ढेकणासारखे शिकारी किडे टोचून शोषतात. म्हणून पहिले दहा-बारा दिवस अळ्या नायलॉनच्या जाळीखाली ठेवायच्या. त्यासाठी काही झाडे आधीच निवडा: ठेंगणी, कोवळ्या पानांची, बुंध्याजवळचे गवत काढलेली. जाळी लावण्यापूर्वी झाडावरचे कोळी, मुंग्यांची घरटी आणि ढेकूण हाताने काढा, नाहीतर वाघाला गोठ्यात कोंडून बाहेरून कडी लावल्यासारखे होईल.

अंडी सकाळी फुटतात. ऊन चढण्याआधी अळ्या पानावर पोचल्या पाहिजेत. दुपारपर्यंत डब्यात राहिलेली अळी पुढे सुधारत नाही.

पाला संपत आला की अळ्या दुसऱ्या झाडावर हलवायच्या. अळी ओढून काढू नका. तिचे मागचे पाय डहाळीला इतके घट्ट धरतात की ओढल्यास कातडी फाटते. डहाळीसकट कापा आणि नव्या झाडाला टेकवा. मान वर करून स्तब्ध बसलेली अळी कात टाकण्याच्या तयारीत असते, तिला त्या दिवशी हात लावायचा नाही.

उझी माशी म्हणजे काय? घरमाशीच दिसते.

दिसते तशी, पण अंगाने मोठी आणि पोटावर पट्टे. ती मोठ्या अळीच्या अंगावर अंडे घालते, त्यातून निघालेली अळी आत शिरते आणि शिरल्या जागी काळा डाग राहतो. कोष विणून होतो तरी आतली कोशित खाल्ली जाते आणि माशीची अळी कोषाला भोक पाडून बाहेर येते. असा कोष ना बियाण्याचा, ना सलग धाग्याचा. जमिनीवर सापडणारे काळसर, जोंधळ्याहून मोठे गुळगुळीत कोशित उझीचे. ते गोळा करून जाळा, फेकू नका.

पेब्रिनची इतकी धास्ती का?

कारण हा रोग आईकडून अंड्यात जातो. नोसेमा नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो, आणि अळी दिसायला बरी असतानाही आत असू शकतो. रोगी मादीची अंडी झाडावर गेली की तिची पिल्ले शेजारच्या निरोगी अळ्यांना पाल्यावाटे रोग देतात. औषध नाही. उपाय एकच, अंडी घालून झाल्यावर प्रत्येक मादीचे पोट कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करणे. लुई पाश्चरने १८६०च्या दशकात फ्रान्समधल्या तुतीच्या रेशीमकिड्यांवर काम करून ही रीत बसवली, आणि आजही तीच चालते. ‘रोगमुक्त अंडीपुंज’ या शब्दाचा अर्थ एवढाच. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेली, न तपासलेली अंडी नाकारणे अवघड जाते हे खरे, पण नाकारा.

लाख झाडावर लावायची कशी?

सुरुवात सहा महिने आधी, छाटणीने. पिलाची सोंड कोवळ्या सालीतच जाते, म्हणून लावणीच्या वेळी झाडावर नवे, रसदार फुटवे हवेत. पळस आणि बोराला छाटणीनंतर सहा महिने पुरतात, कुसुमाला दीड वर्ष. बोटाहून बारीक फांद्या बुडापासून काढा, त्याहून जाड फांदीला फूट-दीड फुटाचा खुंट ठेवा, आणि मोठ्या फांद्यांना कुऱ्हाड लावू नका. कोयता धारदार हवा. साल चिरलेल्या खुंटाला फुटवा नीट येत नाही.

मग बीजलाख, म्हणजे बिहन. थर जाड आणि सलग आहे, त्यात किडीची भोके नाहीत, मादीच्या कवचाच्या मागच्या बाजूला पिवळा ठिपका आला आहे, एवढे पाहून घ्या. ठिपका म्हणजे पिले निघायच्या बेतात आहेत. फार आधी कापली तर पिले आत मरतात, उशीर झाला तर आधीच निघून गेलेली असतात. कापल्यावर एक-दोन दिवसांत लावा, आणि पोत्यात दाबून नेऊ नका, गरम होते.

वीतभर काड्यांच्या लहान जुड्या करा, शक्यतो बारीक विणीच्या, ६० मेशच्या नायलॉन पिशवीत घाला आणि फांदीच्या वरच्या अंगाला अशा बांधा की दोन्ही टोके सालीला टेकतील. लटकती जुडी म्हणजे पिलांसाठी तुटलेला पूल. मध्यम पळसाला अर्धा ते एक किलो बिहन पुरते, पण खरे माप फुटव्यांचे आहे, झाडाच्या उंचीचे नाही. आठवडाभराने फेरी मारा. फुटवे लाल दिसू लागले की ती जुडी पुढच्या रिकाम्या फांदीवर सरकवा. एका फांदीवर अतोनात पिले बसली तर फांदी वाळते आणि सगळीच जातात.

जुडी २१ दिवसांत काढा असे का सांगतात? अजून चार पिले निघाली तर फायदाच नाही का?

पिले बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत निघतात. त्यानंतर त्याच जुडीतून निघतात लाखेचे शत्रू: लाख खाणाऱ्या दोन पतंगांच्या अळ्या, एक पांढरी आणि एक काळपट, आणि बारीक परजीवी गांधीलमाश्या. रिकामी जुडी, म्हणजे फुंकी, झाडावर राहिली की आपणच शत्रूला नव्या पिकावर बसवले. बारीक जाळीची पिशवी इथे कामाला येते, कारण लाखेची पिले जाळीतून सुटतात आणि पतंग आत अडकतात. काढलेली फुंकी त्याच दिवशी खरवडून विका. घराच्या पडवीत साठवू नका.

बैसाखी आणि कतकी, अगहनी आणि जेठवी हे काय?

पिकांची नावे, ज्या महिन्याच्या सुमारास पीक तयार होते त्यावरून पडलेली. रंगीनी: जून-जुलैत लावून ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापायची ती कतकी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावून पुढच्या जून-जुलैत ती बैसाखी. कुसुमी: जून-जुलै ते जानेवारी-फेब्रुवारी अगहनी, जानेवारी-फेब्रुवारी ते जून-जुलै जेठवी.

आमची बैसाखी दर वर्षी मे महिन्यात जळते. काय करावे?

विदर्भातल्या उन्हात हे होतेच, कमी करता येते. उघड्या माळावरच्या पळसापेक्षा नाल्याकाठचा, बांधावरचा पळस बियाण्यासाठी राखा. लावणी विरळ करा. दाट थरातले किडे आधी मरतात, कारण फांदीचा रस पुरत नाही. छाटणी अंगावर येईल इतकी करू नका, उन्हाळ्यातला नवा पाला हीच किड्यांची सावली.

आणि एप्रिल-मेमध्ये पैशाची निकड असते म्हणून सगळी लाख कच्चीच कापू नका. या कच्च्या लाखेला अरी म्हणतात. बोरावरची अरी विकायला हरकत नाही, पळसावरची बियाण्यासाठी सोडा. गावातल्या सगळ्यांनी अरी कापली की जुलैत बिहन कुठेच नसते, आणि मग ते दुसऱ्या राज्यातून महागात आणावे लागते.

मुंग्या दोन्हीकडे दिसतात. माराव्यात का?

टसरवर मुंगी शत्रू, विशेषतः लहान अळ्यांची. लाखेवर ती मधासारखा पाझर चाटायला येते. तो चाटला गेल्याने काळी बुरशी कमी वाढते, उलट बाजूने ती शत्रूंच्या शत्रूंनाही हुसकावते. टसरच्या झाडावरून मुंग्या काढाच. लाखेच्या झाडावर त्यांच्यामागे दिवस घालवू नका.

एकाच शेतात दोन्ही करता येतील का?

झाडे वेगळी असल्याने वाटते सोपे. अडचण फवारणीची. लाख खाणाऱ्या अळ्या पतंगांच्या आहेत, म्हणून त्यांच्यावर वापरले जाणारे बीटी जिवाणूचे औषध नेमके पतंगाच्या अळ्या मारते. टसरही पतंगाचीच अळी. वाऱ्याने उडालेला तुषार ऐनावर गेला तर टसरचे पीक झोपते. ‘जैविक’ लिहिले आहे म्हणून निर्धास्त राहणारे इथे हमखास गोत्यात येतात. रासायनिक कीटकनाशकाचे तर सांगायलाच नको, आणि शेजारच्या धानावरची फवारणीही यात धरा.

दोन्ही करायचे तर मध्ये रुंद पट्टा ठेवा, टसर वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा, पंप आणि बादल्या वेगळ्या ठेवा, आणि अळ्या झाडावर असताना लाखेवर फवारणी करू नका. ते जमणार नसेल तर एकच करा.

दोन्हींत किडा मारावाच लागतो का?

सलग धागा हवा असेल तर टसरचा कोशित वाफेने किंवा गरम हवेने मारतात. पतंग बाहेर येताना कोषाचे टोक एका विकराने मऊ करतो, मग धागा सलग निघत नाही. अशा भोक पडलेल्या कोषांचे सूत कातून घिचा करतात. बियाण्याचे कोष तसेही उघडेच राहतात, म्हणून घिचा दर वर्षी निघतोच. टसरचा कोष फार टणक, नुसत्या पाण्यात सुटत नाही, सोड्यासारख्या अल्कलीत उकळावा लागतो.

लाखेत पिले निघून गेल्यावर खरवडले तर आई आधीच मेलेली असते. अरी कापली तर जिवंत किडे जातात.

विक्री कशी होते?

टसरचे कोष नगावर विकले जातात, शेकडा किंवा हजाराच्या भावाने. प्रतवारी आधी स्वतः करा. फुटके, उझीचे आणि पातळ कोष वेगळे काढले नाहीत तर व्यापारी सगळ्या ढिगाला खालचा भाव लावतो. लाख वजनावर जाते, आणि वजनात पाणी असते. ओली लाख ढीग करून ठेवली तर गोळा होऊन भाव पडतो. सावलीत पातळ पसरून, रोज फावड्याने हलवत वाळवा. उन्हात नाही.

कोशांचे पुढे काय होते ते पाहायचे असेल तर भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी, आंधळगावच्या मागांवर जावे. करवती काठाच्या साडीतले टसर तिथे दिसते.

नवख्याने कोणते घ्यावे?

भाव विचारून ठरवू नका. घरात दीड महिना सकाळ-संध्याकाळ झाडाखाली थांबणारे माणूस आहे का, हे विचारा. असेल आणि ऐन-अर्जुन जवळ असेल तर टसर. ढिवर कुटुंबे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली, तीही घरदार जंगलात हलवून, कारण गोफण हातात घेऊन पाखरे हाकणारा नसेल तर पीक पाखरांचे. माणूस नसेल, पण बांधावर दहा-वीस पळस-बोरी असतील तर लाख. तिथे वर्षातले मोजके दिवसच काम असते, पण ते त्याच आठवड्यात करावे लागते. पिले निघायच्या वेळी गावात लग्न असले तरी पिले थांबत नाहीत.

प्रशिक्षण कुठे मिळते?

टसरसाठी राज्याच्या रेशीम संचालनालयाचे जिल्हा कार्यालय. संचालनालय नागपूरला आहे. संशोधनाच्या दोन्ही मोठ्या संस्था मात्र योगायोगाने रांचीला: टसरची केंद्रीय संस्था १९६४ पासून, आणि नामकुमची लाख संस्था १९२४ पासून, तिचे नाव मधल्या काळात बदलले आहे.

जंगलातले कोष आणि लाख गोळा करायला परवानगी लागते का?

वनहक्क कायदा, २००६ मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर, कोष आणि लाख ही तिन्ही नावे स्पष्ट लिहिली आहेत. गंमत अशी की ती यादी ‘वनस्पतीजन्य’ उपजांची म्हणून आहे. हक्क मान्य झालेल्या गावांत गोळा करण्याचा आणि विकण्याचा अधिकार आहे, आणि नियोजन ग्रामसभा करते. हक्क मान्य नसलेल्या जंगलात वनविभागाला विचारूनच शिरा. राखीव झाडांची छाटणी हा वेगळा विषय आहे. लाखेसाठी पळस छाटायचा असेल तर ग्रामसभेच्या ठरावात छाटणीचा महिना आणि झाडांची संख्या लिहून घ्या.